गाडी निवेपर्यंत

लाखेचा थेंब दोऱ्यावर पडला आणि तो घट्ट व्हायच्या आत मी त्यावर शिक्का दाबला. रेडिएटरचं झाकण दोऱ्यानं करकचून बांधलेलं, वर लाल सील. माझा धाकटा भाऊ संपत हाताची घडी घालून पायरीवर उभा होता.

"ह्यो नाक्यावरचा शिक्का न्हवं?" त्यानं विचारलं.

"नाक्यावरचाच हाय."

"म्हंजी माज्या दारातली गाडी तुमी जकातीचा माल करून टाकली."

"तुज्या दारातली आजच्यापुरती. उद्या सकाळपासनं माज्या."

दारात उभी राहून आई सगळं ऐकत होती. भिंतीला धरून हळूहळू आत गेली.

मी तेव्हा कराडच्या जकात नाक्यावर नोकरीला होतो. गवताची गाडी आली की खाली गुळाच्या ढेपा असणारच, असं धरून चालायचं, हे आमचं पहिलं शिक्षण. संशय घ्यायचा मला पगार मिळायचा, आणि घरी मी तोच संशय फुकटात घेत असे. माझी बायको म्हणायची, "तुम्हांला वरणात मीठ जास्त झालं तरी त्यात कुणाचा तरी हात दिसतो."

ही गाडी म्हणजे जुनी लँडमास्टर. आमचे वडील एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या पत्नीनं गाडीची किल्ली वडिलांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "ही तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, तुम्हीच न्या." वडील गेल्यावर घर वाटलं, शेत वाटलं. गाडी कशी वाटणार? आमच्या भावकीत देवीची पाळी असते, एक वर्ष या घरी, एक वर्ष त्या घरी. कडेगावच्या मामांनी गाडीलाही तसंच लावून दिलं. एक वर्ष माझ्याकडे कराडला, एक वर्ष संपतकडे चिपळूणला. बदल पाडव्याला. पाळी संपलेल्यानं गाडी चालवत दुसऱ्याच्या दारात नेऊन द्यायची आणि घेणाऱ्यानं शेजारी बसून यायचं, म्हणजे 'मोडकी दिली' असं पुढे कुणी म्हणायला नको.

गाडीबरोबर आईही जायची. हे मामांनी ठरवलं नव्हतं, ते आपोआप ठरलं. ज्याच्याकडे गाडी त्याच्याकडे आई. मागच्या सीटवर ती, तिची वळकटी आणि देवाचा डबा. हे आता लिहितानाही नको वाटतं. तेव्हा मात्र आम्हां दोघांना ते फार सोयीचं वाटायचं.

संपत आणि मी कामापलीकडे बोलत नव्हतो. माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत त्याचं नाव चुलत भावांच्या खाली छापलं गेलं. प्रेसवाल्याची चूक. पण संपतनं ती माझी ठरवली, लग्नाला आला नाही, आणि तेव्हापासून मला 'तू' म्हणायचा तो 'तुमी' म्हणायला लागला. संशय आमच्या रक्तातच आहे, मी फक्त त्याची नोकरी केली.

तर ही गाडी दर पाडव्याला वाटेत उकळायची. वर्षभर काही नाही. मी ती कोल्हापूरला नेली, भर उन्हात विट्याला नेली, वडिलांनी बसवून घेतलेला तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या पुढे सरकला नाही. पाडव्याला मात्र, आम्ही दोघं पुढे आणि आई मागे बसलो, की वाटेत कुठेतरी वाफ. माझ्या पाळीत मी काय काय केलं नाही! रबरी पाइप बदलले. फॅनचा पट्टा नवा घातला. मेकॅनिकच्या सांगण्यावरून थर्मोस्टॅट काढून टाकला. "आपल्याकडं बर्फ पडतंय व्हय? ह्याचं काय काम?" असं तो म्हणाला. शेवटी रेडिएटर उतरवून, सळया घालून साफ केला, तर आतून पिवळसर गाळ निघाला. मेकॅनिक म्हणाला, गंज. मी मान डोलावली. आणि पुढच्या पाडव्याला गाडी पुन्हा उकळली.

मग माझ्यासारखा माणूस काय समजणार? संपत एमआयडीसीत फिटर. पाना त्याच्या हातात भाकरीसारखा फिरतो. गाडी निकामी ठरली की पाळी मोडेल आणि आई कायमची चिपळूणला राहील, हा त्याचा डाव, असं मी मनाशी पक्कं केलं. कडेगावला जाऊन मामांना सांगून आलो, "ह्या पाडव्याला मी रंगेहाथ धरतो. धरला की पाळी बंद. गाडी आणि आई दोन्ही कराडला. परत त्यानं माज्या दाराला यायचं न्हाई आन् मी त्याच्या." मामा नाइलाजानं हो म्हणाले. ही बातमी आईपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून ते सील. रेडिएटरमध्ये मी स्वतः विहिरीचं स्वच्छ पाणी भरलं. घाटासाठी जादा पाणी म्हणून पत्र्याचा डबाही स्वतः भरला, मागच्या सीटच्या पायाशी ठेवला आणि गाडीला कुलूप घातलं. संपतच्या बायकोनं चहा आणला. मी पाणी तेवढं प्यायलो आणि किल्ली खिशात घालून स्टँडसमोरच्या लॉजवर झोपायला गेलो.

सकाळी आलो तर संपतच्या दारात गुढी उभी होती. बॉनेट उघडलं. सील शाबूत. दोरा जसाच्या तसा.

"बघा बघा, भिंग आनू का?" संपत म्हणाला.

मी बॉनेट लावलं. आईला मागे बसवलं. तिच्या मांडीवर या खेपेला एक मोठं गाठोडं होतं.

"एवढं काय घेतलंस?" मी विचारलं.

"असू दे. म्हातारीचं काय न् काय असतंय."

संपतनं गाडी सुरू केली. चिपळूण मागे पडलं. पुढे दोघे भाऊ, दोघांच्या मधे मोकळी जागा, आणि कुणी बोलायचं नाही. आईनं मागून सुरुवात केली. दरवर्षी ती हीच गोष्ट सांगायची.

"तुमचं वडील मला पयल्यांदा पालच्या जत्रंला न्हेत व्हतं. वाटंत गाडीचं पानी गळाय लागलं. आता काय? तर माज्या चंचीत गेल्या वर्साचा भंडारा व्हता. त्येनी मूठभर घेतला आन् टाकला की पान्यात! गळती थांबली. खंडोबानं न्हेली गाडी आमची."

"हळदीनं बारकी गळती बंद हुती, आई," संपत म्हणाला. "समदं ड्रायव्हर करत्यात."

"मग? हळद कुनाची हाय? देवाचीच की."

माझं लक्ष काट्यावर होतं. काटा अगदी शहाण्यासारखा मधे उभा होता.

घाट सुरू होण्याआधी पायथ्याच्या पोफळी गावाला गाडी थांबवायची, ही वडिलांची पद्धत. चढणीआधी रेडिएटर काठोकाठ भरून घ्यायचा आणि गाडीच्या पाया पडायचं. संपतनं गाडी झाडाखाली घेतली. मी आधी उतरलो. झाकणाला कुणाचा हात लागू द्यायचा नव्हता. सील पुन्हा तपासलं, मग तोडलं. झाकणावर फडकं टाकून ते जरा जरा फिरवत वाफ जाऊ दिली. पाणी बोटभर उतरलं होतं.

"आई, डबा दे," मी म्हणालो.

आईनं डबा दोन्ही हातांनी उचलून दिला. मी तो रेडिएटरच्या तोंडाला लावला आणि पाण्याकडे न बघता, संपतच्या हातांवर नजर ठेवून भरभरा ओतला. झाकण आवळलं आणि संपतकडे असं बघितलं, की आता बोल.

संपत गाडीच्या पाया पडला आणि चाकामागं बसला.

कुंभार्लीचा घाट मोठा अवघड. पहिल्या दोन वळणांना काटा हलला नाही. मी मनातल्या मनात मामांशी बोलायला लागलो होतो. तिसऱ्या वळणाला काटा थोडा कलला.

"संपत."

"बघतोय."

"गियर उतरव."

"उतरवलाय. पाय ठिवू नगा डोक्यावर."

काटा लाल खुणेला टेकला. बॉनेटच्या फटीतून आधी बारीक, मग दणक्यात वाफ आली. संपतनं गाडी कडेच्या रुंद जागेत घेतली आणि बंद केली. मी दार उघडून धावलो. बॉनेट वर केलं. झाकणाच्या कडेनं फेस येत होता आणि खालच्या नळीतून दगडावर पाणी पडत होतं. ते पिवळं होतं. भंडाऱ्यासारखं पिवळं.

"हळद!" मी ओरडलो. "हळद घातलीस तू! बघ, बघ ही! चांगली गाडी हळदीनं तुंबवलीस!"

"मी?" संपतचाही आवाज चढला. "सील तुमचं. किल्ली तुमच्या खिशात. पानी कुनी वतलं? तुमीच वतलं न्हवं आत्ता?"

सील शाबूत होतं. ते मी तोडलं होतं. पाणी मी ओतलं होतं. डबा मी भरला होता आणि मागं आईच्या पायाशी ठेवला होता.

संपतनं गाडीत हात घालून डबा बाहेर काढला. "झऱ्याचं पानी आनतो, वर वळनावर हाय," तो म्हणाला. झाकण उघडून त्यानं क्षणभर डब्यात बघितलं. मग माझ्याकडे न बघता चढणीला लागला.

मी वळलो. आई कडेच्या जांभळीखाली चादर अंथरत होती. चादर! कराडला दुपारच्या आत पोचायचं, तिथे माझ्या बायकोनं पुरण शिजवलेलं, आणि आईनं गाठोड्यातून काय काय काढलं? बाजरीच्या भाकरी, कोरडं पिठलं, लसणाची चटणी, कांदे, बाटलीत ताक. ताटल्या तीन. पेले तीन. माल बघून तो कुठं चाललाय हे ओळखायचा माझा धंदा होता. हा माल घाटात बसून जेवायला निघाला होता. पहाटेपासूनच.

मी तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसलो. तिच्या उजव्या हाताची बोटं पिवळी होती. तिनं ती लपवली नाहीत.

"आई, डब्यात तू टाकलास?"

"व्हय."

"कदी?"

"पोफळीला याच्या आदी. तुमी दोगं पुढं बगत व्हता. येकमेकाकडं तर बगतच न्हाई, मागं कशाला बगताय?"

"दर वर्षी?"

ती कांदा हातानं फोडत होती. "पयल्या वर्षी भक्तीनं टाकला. गाडी सुखरूप जाऊ दे म्हनून. तर ती उकळली. मला वाटलं, देव कोपला. पर मग गाडी निवेस्तवर तुमी दोगं हितंच कुटं तरी बसला. तू संपाला इडी दिलीस. संपानं तुला वडलांची नक्कल करून दावली. तू हासलास. ध्येनात हाय?"

मला आठवत होतं. वडील चढणीवर गाडीला 'चल गं बाई, चल' म्हणायचे, त्याची नक्कल.

"गाडी निवाया तास लागतो," आई म्हणाली. "तेवडा तास मला मिळतोय. बाकी वर्सभर मी येकाच्या घरात दुसऱ्याची वाट बगती."

तरी सवय जात नाही. मी म्हणालो, "आगं पर तुला ठावं व्हतं न्हवं, ह्या वक्ताला गाडी उकळली तर पाळी बंद करनार व्हतो मी? तरी टाकलास?"

"म्हनून तर दोन मुठी टाकल्या," आई म्हणाली. "बंदच करनार म्हनलास. मग शेवटचा तरी जरा जास्ती वेळ बसाल म्हनलं."

मला रडू आलं. सरळ सांगतो, घाटाच्या कडेला, ट्रक जात असताना, मी पोरासारखा रडलो. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं, त्यामुळे माझ्याही गालाला हळद लागली असणार.

संपत खाली येताना दिसला तसा मी उठलो. त्याच्या हातात डबा होता. मी त्याच्याकडून तो घेतला आणि सवयीनं आत बघितलं. डबा लख्ख होता. कोपऱ्यांतसुद्धा पिवळा ठिपका नाही. झऱ्यावर बसून, वाळूनं घासून आणलेला.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

"काय निघालं?" संपतनं विचारलं. "कशानं तुंबला?"

आई भाकरी हातात धरून थांबली होती. सगळं माझ्या एका शब्दावर होतं, आणि तो शब्द मामांना आधीच देऊन बसलो होतो.

"गंज," मी म्हणालो. "जुनी गाडी. आत गंज हाय. पिवळा."

"गंजच आसनार," संपत म्हणाला. "मलाबी तसंच वाटलं." मग डबा खाली ठेवून तो माझ्या गालाकडे बघत राहिला. "तोंड धू आदी, आण्णा. तुज्या तोंडालाबी गंज लागलाय."

तुज्या. मी ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. न जाणो, परत 'तुमी' व्हायचं.

आम्ही जेवलो. ताक उन्हानं कोमट झालं होतं आणि चटणीनं डोळ्यांतून पाणी काढलं, त्यामुळे कुणाचं पाणी कशाचं हे कळायला मार्ग नव्हता. संपतनं दुसरी भाकरी मोडता मोडता विचारलं, "त्या प्रेसवाल्यानं खरंच चुकून छापलं व्हतं रं?"

"आईच्या गळ्याशपथ."

"मग ग्वाष्ट न्यारी."

"माज्या गळ्याला कशाला हात घालताय?" आई म्हणाली. "खा गुमान."

बॉनेट कधीच निवलं होतं. तरी संपत मधून मधून जाऊन हात लावून बघायचा आणि म्हणायचा, "आजून जरा."

कराडला पोचलो तेव्हा चिपळूणची शेवटची एसटी गेलेली होती. संपतला माझ्याकडे मुक्काम करावा लागला. पुरणपोळीला तो नको नको म्हणाला आणि बायकोनं वाढतच नेलं. मामांना मी निरोप धाडला, तपास झाला, गाडीत गंज आहे, कुणाचा हात नाही, पाळी चालू राहू दे. मामांनी उलट विचारलं नाही. मला वाटतं, त्यांनाही काहीतरी ठाऊक असावं. पण हा पुन्हा माझा स्वभाव.

आई त्याच वर्षी माघात गेली, माझ्या घरी, झोपेत. तिच्या दिवसांना संपत सगळे दिवस राहिला. त्यानंतर मी गाडी गॅरेजला दिली आणि रेडिएटर पूर्ण नवा बसवून घेतला. जुन्यातली प्रत्येक नळी पिवळ्या गाळानं भरलेली होती. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हा गंज काय साधा न्हाई." मी म्हणालो, "न्हाईच."

पाडवा जवळ आला. आता आई नव्हती. मागच्या सीटवर कुणी बसणार नव्हतं. संपत पाळी मागेल की नाही, मला शंका होती. एका दुपारी नाक्यावर त्याचा फोन आला.

"आण्णा, येतो न्हवं मी? पाळी माजी हाय."

आदल्या दिवशी तो आला. लॉजवर नाही, माझ्या घरी उतरला. सकाळी निघायच्या आधी मी कपाट उघडलं. आईची चंची तिथे होती, भंडारा अजून आत होता. मी ती हातात घेतली, स्वतःचीच लाज वाटली आणि ठेवून दिली. नवाकोरा रेडिएटर. कशाला?

या खेपेला देणारा मी, म्हणून चाक माझ्या हातात. पाटणला चहासाठी थांबलो. मी पेले परत द्यायला गेलो तेवढ्यात संपत म्हणाला, "पानी बगून घेतो," आणि डबा घेऊन पुढे गेला. मी वळून बघितलं नाही. संशय घ्यायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि मला ते किती जड गेलं हे माझं मलाच ठाऊक.

पाटण सोडून कोयनेच्या चढाला लागलो आणि काटा कलला. मी बघत राहिलो. नवा रेडिएटर, नवे पाइप, नवा पट्टा. काटा सावकाश लाल खुणेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ आली.

मी गाडी एका आंब्याखाली घेतली. बॉनेट उघडण्याच्या भानगडीत पडलोच नाही. संपत माझ्या आधी उतरला होता. त्यानं त्याच्या पिशवीतून चादर काढून झटकली, मग भाकरी काढल्या, चटणीची पुडी सोडली. ताटल्या त्यानं तीन आणल्या होत्या. तिसरी त्यानं आमच्या दोघांच्या मधे ठेवली आणि तिच्यात पहिला घास काढला. त्याच्या नखांच्या कडा पिवळ्या होत्या.

"कशानं उकळली आसंल?" त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं.

"गंज," मी म्हणालो आणि चादरीवर बसलो. "निवाया किती वेळ लागंल?"

"तासभर तरी," संपत म्हणाला. "जास्तीबी लागंल. दोन मुठी हाय."